अनंतचा डबा

१

घाटकोपरच्या त्या शिक्षणसंस्थेत मेलबॉक्सला डबा म्हणायची पद्धत होती. ती कुणी पाडली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण एकदा पडली ती पडली. सात शाळा, एक कॉलेज आणि तीनशे बारा डबे असा संसार तळमजल्यावरच्या एका सर्व्हरवर मांडलेला होता, आणि तो सांभाळायला इरावती होती. सकाळी दहाला यायचं, चहा सांगायचा आणि कुणाचा डबा किती भरला त्याची यादी उघडायची. बारा वर्षं हाच तिचा देवपूजेचा क्रम होता.

त्या सोमवारी पहिली तक्रार आस्थापनेच्या उत्तराताईंची होती. त्यांचा डबा भरला होता, जुन्या मेल कचऱ्यात टाकायला जावं तर सर्व्हर ‘जागा नाही’ म्हणत होता. कचऱ्यात टाकायला कसली आली जागा, असा त्यांचा रास्त सवाल होता. इरावतीने त्यांना हे वर्षातून चौथ्यांदा समजावलं. मेल हलवायची म्हणजे ती इथून उचलून तिथे ठेवली जात नाही. सर्व्हर आधी तिथे तिची नक्कल करतो, आणि नक्कल नीट उतरली की मग इथलं मूळ खोडतो. नकलेपुरती जागा नसेल तर काहीच हलत नाही. उत्तराताईंनी मान डोलावली आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारायचं ठरवून त्या गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला हा जुना सर्व्हर बंद व्हायचा होता. सगळे डबे ऐरोलीच्या नव्या सर्व्हरवर जायचे, आणि जे जाणार नाहीत ते इथल्या इथे पुसले जायचे. म्हणून इरावती यादीची झाडलोट करत होती. यादीत एक ओळ तिला रोज दिसायची आणि रोज ती तिच्याकडे काणाडोळा करायची. नाव अनंत, मर्यादा दोन जीबी, वापर दोन जीबी. त्या डब्याची ‘भरला आहे’ अशी सूचना रोज सकाळी तिला यायची. डबा कुणाचा तरी असेल, निवृत्त झालेल्या एखाद्या सरांचा, एवढंच तिने धरून ठेवलं होतं.

आठवडाभर तरी ती कटकट नको म्हणून अकरा चाळीसला तिने दोनाचे तीन केले. वाढवून दिलं की डबा गप्प बसतो, हा तिचा अनुभव होता. जेवून आली तेव्हा यादीत तीनपैकी तीन भरलेले होते.

२

इरावतीचं घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. घरी बाबा आणि ती, दोघंच. बाबा, म्हणजे नंदकिशोर, छत्तीस वर्षं टपाल खात्यात सॉर्टर होते. वय चौऱ्याहत्तर, चष्मा एकच, आणि लेकीच्या नोकरीबद्दल मत पक्कं. आधी नक्कल नि मग मूळ खोडायचं, हे ऐकल्यापासून ते तिची चेष्टा करायचे. “आमचा टपाल हयसून उचलला नि थंय टाकला. एकच कागद,” ते म्हणायचे. “ह्या नक्कल करून मूळ मारूचा माका पटणा नाय.”

बापलेकीचा दारातला एक खेळ होता. इरावती सहा वर्षांची असल्यापासूनचा. तिने घंटा दोनदा वाजवायची. आतून बाबा विचारायचे, “कोण आसा?” तिने म्हणायचं, “तार!” आणि बाबांनी दार उघडता उघडता विचारायचं, “सही खंय करू?” आई, मालन, स्वयंपाकघरातून ओरडायची, की तार म्हणू नका, अशुभ असतं ते. आई जाऊन सहा वर्षं झाली, तारा तर त्याच्याही आधी बंद पडल्या, पण खेळ चालू होता. दिवसभराचा शीण त्या तीन शब्दांनी उतरायचा, हे इरावतीने कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी तिने दोनदा घंटा वाजवली.

“कोण आसा?”

“तार!”

आत काहीच हललं नाही. मग साखळी लावूनच दार चार बोटं उघडलं आणि फटीतून बाबांचा चेहरा दिसला. तो पांढरा पडला होता.

“कोणाची गो?” त्यांनी हळू विचारलं. “कोण गेला?”

ती हसली, मग हसायची थांबली. बाबांना झोप लागली असेल, अर्धवट जागे झाले असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. जेवताना ते नेहमीसारखे बोलले. कढीत मीठ कमी आहे म्हणाले, आणि ते खरंच कमी होतं.

३

इरावतीचा एक स्वभावदोष होता. एखादी गोष्ट जुळत नसली की तिला भीती वाटायच्या आधी उत्सुकता वाटायची. मंगळवारी तिने अनंतच्या डब्याची नोंदवही उघडली. बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलची नोंद सर्व्हर ठेवतो, कुठून आली, किती वाजता आली, केवढी होती. अनंतच्या डब्यात एकही मेल आलेली नव्हती. सोमवारी नाही, गेल्या वर्षी नाही, कधीच नाही. डब्यातलं सगळं दुसरीकडून हलवलेलं होतं. कुठून हलवलं त्याचा रकाना मात्र रिकामा होता.

ती सहदेवकडे गेली. सहदेव संस्थेत तीस वर्षं शिपाई, आणि माणसांच्या बाबतीत त्याच्याइतकी चोख यादी कुठल्याच यंत्रात नव्हती. अनंत नावाचं कुणी? शिक्षक, कारकून, माळी, कुणीही? सहदेवने डोळे मिटून तीस वर्षं चाळली आणि मान हलवली. अनंतराव नाही, अनंता नाही, कुणीच नाही.

सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर केयूरच्या अक्षरातला एक जुना कागद चिकटवलेला होता. केयूर हा तिच्या आधीचा माणूस. सर्व्हरचे सगळे पडदे हौसेने मराठीत त्यानेच आणले होते. कागदावर लिहिलं होतं: प्राचार्य, दहा. कार्यालय, दहा. अनंत, दोन. दोनाखाली पेनाने दोन रेघा मारलेल्या होत्या, कागद फाटेपर्यंत दाबून.

बुधवारी तिच्याकडून व्हायचं ते झालं. डब्याची भूक तरी किती आहे बघू, म्हणून तिने मर्यादा काढूनच टाकली. मर्यादा नसलेल्या डब्यापुढे आकडा येत नाही, केयूरने तिथे एक शब्द घातला होता. तिने बटण दाबलं आणि ओळ बदलली. नाव अनंत, मर्यादा अनंत. ते बघून तिला गंमत वाटली. मग हळूहळू उलगडलं, की हे कुणा माणसाचं नाव कधी नव्हतंच. पडदे मराठीत आले तेव्हाच कुणीतरी मर्यादेच्या रकान्यातला शब्द नावाच्या रकान्यात वाचला असेल, आणि एवढी वर्षं सगळे त्याला माणूस समजत आले असतील.

मग डबा कुणाचा, हा प्रश्न तसाच राहिला. चार वाजता वापर नऊ जीबी होता. पाच वाजता एकवीस.

संध्याकाळी तिने घंटा एकदाच वाजवली आणि ‘मी’ म्हणाली. चहा घेताना, सहज विचारल्यासारखं करून, तिने दुसरा जुना खेळ काढला. गावाचं नाव घ्यायचं आणि बाबांनी पिनकोडाचे शेवटचे दोन आकडे सांगायचे. ते कधी चुकत नसत.

“मुलुंड पूर्व?” तिने विचारलं.

बाबांनी कप बशीत ठेवला. “मुलुंड,” ते म्हणाले. “मुलुंड खंय इला?”

४

गुरुवारी सकाळी ती उठून बाहेर आली तेव्हा बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. तिला बघून ते अर्धवट उठले.

“बसा,” ते म्हणाले. “मालन येतली आता.”

त्यांनी स्वतः चहा केला आणि शोकेसमधल्या कपातून तिच्यापुढे ठेवला. ते सोनेरी काठाचे कप पाहुण्यांसाठी होते. इरावती तो चहा उभ्या आयुष्यात प्यायली नव्हती इतक्या सावकाश प्यायली. रडू आवरायला तिला तेवढा वेळ हवा होता. मग तिने डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली, शेजारच्या जान्हवीला बाबांपाशी बसवलं आणि ऑफिस गाठलं. अशा वेळी ऑफिसला जावं का, हा प्रश्न तिला पडला. पण बसमध्ये तिच्या डोक्यात एकच हिशोब फिरत होता. सोमवार अकरा चाळीस. बुधवार दुपार. हे नुसतं जुळून आलं आहे असं म्हणायला तिची तयारी होती, फक्त तिला तसं सिद्ध करून बघायचं होतं.

दुसऱ्याचा डबा उघडायचा नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम. पण या डब्याला दुसराच नव्हता. तिने तो उघडला.

आत हजारो ओळी होत्या. बहुतेक जुन्या, अनोळखी. ‘गच्चीवरचे पापड’. ‘धोंडूचा धाकटा’. ‘जिन्याचा वास, पाऊस नसताना’. पाठवणारा कुणी नाही, विषय तेवढे. तिने सोमवारवर बोट नेलं. अकरा बेचाळीसला पहिली ओळ पडली होती, आकार दोन केबी, विषय ‘सही खंय करू’.

तिने पंखा बंद केला. का केला ते तिला सांगता आलं नसतं. शेजारच्या खोलीत सर्व्हर घरघरत होता, आणि दर काही सेकंदांनी आत डिस्कचा बारीक टकटक आवाज येत होता, टपालावर शिक्के मारल्यासारखा.

तिने मेल उघडली. चारच ओळी होत्या. ‘घंटी दोनदा. मालन आतसून, तार म्हणा नको. इराच्या पायात एकच चप्पल, दुसरी जिन्यात. सही खंय करू.’

बाबांकडे बटणाचा फोन होता. मेल म्हणजे काय हे त्यांना ऐकून माहीत होतं. आपणच कधी लिहून ठेवलं असेल, असं ती क्षणभर म्हणाली. पण एक चप्पल जिन्यात राहिल्याचं तिलाही माहीत नव्हतं. पुढच्या ओळी बुधवारच्या होत्या. ‘मुलुंड पूर्व एक्याऐंशी’. ‘मुलुंड पश्चिम ऐंशी’. ‘विक्रोळी पूर्व त्र्याऐंशी’. आणि त्यांच्याखाली, शेकड्यांनी, ‘इरा, पहिला दात’, ‘इरा, गोवर’, ‘इराचा आवाज, बाथरूममधून’. प्रत्येक ओळीपुढे सर्व्हरचा शेरा होता: नक्कल झाली, मूळ खोडले.

शेवटच्या सात ओळींपुढचा शेरा वेगळा होता. नक्कल झाली, मूळ बाकी. त्यातली पहिली होती ‘मालन’. बाबांना आई तेवढी आठवत होती, ती येईल म्हणून ते बसले होते. इरावतीने मर्यादा पुन्हा दोनवर आणली. टकटक थांबली. डबा गच्च भरलेला असला की त्यात काही हलत नाही, एवढा नियम तिला पाठ होता. पण गेलेलं सगळं आतच होतं, आणि उद्या पाचला सर्व्हर पुसला जाणार होता.

५

केयूर आता अंधेरीला एका कंपनीत होता. तिने फोन करून अनंतच्या डब्याचं नाव घेतलं तेव्हा पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“वाढवलास काय?” मग त्याने विचारलं.

“हो.”

“मी पण वाढवला होता एकदा. दीडचे दोन. सिंपल रे, म्हटलं, कटकट मिटेल. आई मला तेव्हापासून दादा म्हणते. तिचा मोठा भाऊ समजते. योगायोग असेल, यार. डॉक्टर पण तेच म्हणतात.”

इरावतीने विचारलं, की परत का नाही हलवलं.

“कुठे हलवणार? हलवायला डबा लागतो, नि डब्यात जागा. ज्याचं त्याच्या नावाच्या डब्यात पडलं की त्याच्याकडे परत जाईल, असा माझा हिशोब होता. आईच्या नावाचा डबा काढला होता मी. जागा नव्हती. दुसऱ्या कुणाच्यातली कापून द्यावी लागली असती.” पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. “माझ्यातली देता आली असती. नाही दिली मी. कळलं ना?”

तिला कळलं. त्याने फोन ठेवल्यावरही ती तो कानाला लावून उभी राहिली.

६

शुक्रवारी चार वाजेपर्यंत तीनशे अकरा डबे ऐरोलीला पोचले होते. उत्तराताई आपला डबा नव्या जागी बघून खूश होत्या. इरावतीने दार लोटून घेतलं आणि यादीत नवा डबा काढला. नाव नंदकिशोर. सर्व्हर म्हणाला, जागा नाही. बुधवारी अनंतने डिस्कवरची होती नव्हती ती जागा खाल्ली होती. बाकीचे डबे तिकडे गेले तरी त्यांची इथली मुळं पाचपर्यंत खोडायची नाहीत, असा वरून हुकूम होता. स्वतःच्या अखत्यारीत ती एकच डबा कापू शकत होती. तिचा तिचा.

काय आहे आपल्या डब्यात, तिने मनाशी म्हटलं. सभेची निमंत्रणं, पगाराच्या पावत्या, उत्तराताईंची चौकशी. पण केयूरचं ‘नाही दिली मी’ तिच्या कानात होतं. आपण वेडेपणा करतोय असं तिला अर्धं वाटत होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी तिने एक कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘कन्नमवार नगर, इमारत एकशे बारा, दुसरा मजला, उजवीकडे. घंटा दोनदा. तार म्हण. बाबा वाट बघतायत.’ तो घडी करून पर्समध्ये, बसच्या पासाच्या कप्प्यात ठेवला.

मग तिने बाबांच्या ओळी निवडून नंदकिशोरच्या डब्याकडे हलवायला लावल्या, आणि त्यांना जागा व्हावी म्हणून स्वतःची मर्यादा आठवरून शून्यावर आणली. पडद्यावर एक चौकट आली, जी तिने बारा वर्षांत पाहिली नव्हती. ‘इरावती: वापर मर्यादेपेक्षा जास्त. जादा संदेश अनंतकडे हलवू?’

“बाबा,” ती पडद्याला म्हणाली, आणि ‘हो’ दाबलं.

टकटक सुरू झाली. यादीत नंदकिशोरच्या नावापुढचा आकडा चढायला लागला, आणि ‘इरा, पहिला दात’, ‘इरा, गोवर’ या ओळी एकेक करून अनंतच्या डब्यातून नाहीशा झाल्या. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्यांच्या जागी नव्या ओळी येत होत्या. त्या कुठल्या ते बघायला ती पुढे वाकली. पहिली दोन केबीची होती, विषय ‘तार’. तिने तो शब्द दोनदा वाचला. हल्लीच्या दिवसांत तार कोण पाठवतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्याची मौज वाटली. त्याच्याखाली ‘सोनेरी काठाचा कप’, ‘आईचा ओरडा’, ‘बाबांचा चष्मा, एकच’. कुणाच्या तरी घरातल्या गोष्टी होत्या, वाचायला गोड होत्या. आपले डोळे कशाने ओले झालेत ते तिला कळेना.

पाचला तिने ठरल्याप्रमाणे सर्व्हर बंद केला. खोली इतकी शांत झाली की बाहेरच्या रिक्षा ऐकू आल्या. सहदेव कुलूप घेऊन आला होता. बारा वर्षांचं काम संपलं म्हणून तो थोडा हळवा झाला होता. वडलांना नमस्कार सांगा, असं तो म्हणाला.

“सांगते हं,” ती म्हणाली. असं कुणी म्हणालं की असंच म्हणतात.

७

बसचा पास काढताना हाताला कागद लागला. अक्षर तिचंच होतं. काहीतरी काम लिहून ठेवलेलं दिसत होतं, आणि इरावती कामाला चुकणारी नव्हती. ती कन्नमवार नगरात उतरली, विचारत विचारत एकशे बारा नंबरपर्यंत गेली. जिन्यात पहिल्या वळणावर ती उगाच थांबून पायातल्या चपला बघू लागली. दोन्ही होत्या.

दुसरा मजला, उजवीकडे. दार हिरवं होतं. आत कुणीतरी कढीला फोडणी दिली होती आणि रेडिओ हळू चालू होता. तिने कागद पुन्हा वाचला आणि घंटा दोनदा वाजवली. पावलं धावत आली, म्हाताऱ्या माणसाची, पण धावत.

“कोण आसा?”

कागदावर होतं तसं ती म्हणाली, “तार.”

दार साखळी न लावताच सताड उघडलं. दारात एक वृद्ध गृहस्थ उभे होते. चष्म्यामागे डोळे पाण्याने भरलेले, आणि तोंड हसून हसून सुजल्यासारखं. त्यांना किती दिवसांनी हसायला मिळालं होतं कोण जाणे.

“सही खंय करू?” ते म्हणाले.

पुढे काय म्हणायचं ते कागदावर नव्हतं. गृहस्थ वाट बघत होते. त्यांना काहीतरी सही करायची होती, आणि तिच्या हातात कागद एकच होता. त्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून तिने पर्समधून पेन काढलं, कागद त्यांच्यापुढे धरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“इथे करा.”

गृहस्थांना ते फारच आवडलं. एवढ्या वर्षांत तू ह्या कधी केलंस नाय गो, असं म्हणत ते खदखदून हसले, आणि कागद दाराच्या चौकटीवर टेकवून त्यांनी सही केली. नंदकिशोर. जुन्या वळणाचं, शिक्क्याच्या शाईत आयुष्य गेलेल्या माणसाचं अक्षर. सही करून झाल्यावर त्यांनी सवयीने कागदावर काय लिहिलं आहे ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे कागदावरून उठून तिच्या चेहऱ्यावर आले आणि तिथे काहीतरी शोधू लागले.

इरावतीला अवघडल्यासारखं झालं. बाबा वाट बघतायत, असं शेवटी लिहिलं होतं. कोणाचे बाबा ते लिहिलं नव्हतं. आत टेबलावर शोकेसमधले नाहीत असे दोन साधे कप उपडे ठेवलेले तिला दिसले. तिने चपला बाहेरच काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली.

“येऊ का आत?” तिने विचारलं.